एकशे अठरा गोण्यांची नोंद

सकाळी ६:०५
बदनापूर. अजून पुरतं उजाडलेलं नाही. स्कूटीच्या डिकीत पाच मीटरचा टेप, लोंबता वजनकाटा, लाल मार्कर, हजेरीची वही, पॉवर बँक. पुढच्या हुकाला जेवणाचा डबा. मॅडमचं वय चोवीस, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. जालन्यातल्या एका कन्सल्टिंग इंजिनिअरच्या ऑफिसात त्या साइट सुपरवायझर आहेत. पगार १८,००० रुपये. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. दिवसाला लिटरभर पेट्रोल लागतं, ते पगारातूनच.

आज २५ फेब्रुवारी. आज स्लॅब आहे. स्लॅबच्या दिवशी सुपरवायझरला उशीर चालत नाही. मिक्सर एकदा सुरू झाला की शेवटचा कोपरा भरेपर्यंत थांबवता येत नाही.

सकाळी ६:५०
अंबड रोडच्या बाजूची नवी वस्ती. तळमजला उभा आहे, वर हजार चौरस फुटांची स्लॅब पडायची आहे. घर जालन्याच्या एका कुटुंबाचं. म्हातारे आईवडील इथे, मुलगा पुण्यात नोकरीला. पैसा त्याचा, पण रोज येऊन बघायला त्याला जमत नाही. सिमेंट, सळई, वाळू, खडी मालकाची. मजुरी ठेकेदाराकडे. नकाशा आणि देखरेख मॅडमच्या ऑफिसची.

वॉचमनची बायको पत्र्याच्या खोलीबाहेर चूल पेटवते आहे. मॅडम हेल्मेट बदलून थेट शिडीने वर जातात. पायाखाली सेंटरिंगच्या प्लेटा, त्यावर सळयांची जाळी. फिटर आधीच हजर आहे. प्लेटांच्या फटींवर चिकटपट्टी लावलीय, तरी दोन ठिकाणी उजेड दिसतो. तिथून सिमेंटचं पाणी गळेल आणि खाली नुसती खडी उरेल. पट्टी मागवली जाते.

मग टेप. आठ मिलिमीटरच्या सळया पाच इंचांवर हव्यात. मॅडम पाच जागी टेप अंथरतात, प्रत्येक जागी फोटो. फोटोत सळई आणि टेपचा आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. एका जागी अंतर साडेसहा भरतं. फिटर काही न बोलता एक सळई सरकवतो, बाइंडिंग तारेने बांधतो. पुन्हा फोटो. पहिला फोटो मॅडम डिलीट करत नाहीत. दोन्ही राहतात. चुकलेलं आणि दुरुस्त केलेलं.

जाळीखाली सिमेंटचे छोटे ठोकळे आहेत, वीस मिलिमीटर उंचीचे. सळई प्लेटला टेकली तर पुढे गंज धरते. तीन ठोकळे पायाखाली येऊन फुटलेत. बदलले.

सकाळी ७:४०
टेम्पो येतो. वरच्या मजल्याच्या कॉलमसाठी सोळा मिलिमीटरची सळई. लांबून यायची गरज नाही. जालन्याच्या एमआयडीसीत भट्ट्या रात्रंदिवस चालतात. भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेट लाटून सळई निघते. राज्यभरच्या कॉलमांत जालन्याची सळई आहे.

गठ्ठ्याला पत्र्याची चकती. तिच्यावर हीट नंबर. कुठल्या दिवशीच्या कुठल्या वितळणीतून हा माल निघाला, ते त्या नंबरावरून कळतं. सोबत कारखान्याचं तपासणी पत्र. पत्रावरचा नंबर आणि चकतीवरचा नंबर मॅडम बोट ठेवून ताडतात. जुळतो. फोटो.

मग एका सळईच्या टोकाचा बरोबर एक मीटर तुकडा कापतात. लोंबत्या काट्याला अडकवतात. १.५४ किलो.

सोळाची सळई मीटरला १.५८ किलो धरतात. आयएस १७८६ या मानकात या जाडीला पाच टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे दीड किलोच्या खाली नको. १.५४ चालेल. माल उतरवा.

नग मोजले जातात. एकशे आठ. धर्मकाट्याची पावती १,९९५ किलोची. मॅडम मोबाइलवर गुणाकार करतात. १.५४ गुणिले बारा मीटर गुणिले एकशे आठ. उत्तर १,९९६ च्या आत. पावती खरी आहे.

हाच माल पुस्तकी वजनाने, नगावर विकला असता, तर बिल २,०४८ किलोचं झालं असतं. त्रेपन्न किलोचा फरक. या बिलात भाव किलोला ५६ रुपये. म्हणजे २,९६८ रुपये. एका टेम्पोत. आणि घराला असा एकच टेम्पो लागत नाही.

ड्रायव्हर घाई करतो. त्याला परतूरला दुसरी खेप टाकायची आहे. तो पावतीवर सही करतो. हीट नंबर, नग, काट्याचं वजन, तुकड्याचं वजन, वेळ ७:५८. मोबाइलमधल्या आजच्या पानावर ही पहिली ओळ.

सकाळी ८:३०
पिकअपमधून स्लॅबची टोळी उतरते. बारा गडी, दहा बाया. मिक्सर आणि लिफ्ट कालच आणून ठेवलीय. टोळीचा मुकादम पंचावन्नचा, सगळे त्याला मामा म्हणतात. पूर्वी त्याने सरकारी कामांवर पूल आणि मोऱ्या केल्या. टोळीतले चौघे समृद्धी महामार्गाच्या कामावर होते.

ठेका २२,००० रुपयांचा, यंत्रासकट. गड्याला ७००, बाईला ५००. म्हणजे ८,४०० आणि ५,०००. उरलेल्या ८,६०० मध्ये मिक्सर, लिफ्ट, डिझेल, पिकअप आणि मामाचे चार पैसे.

हजेरी मॅडम स्वतः घेतात. नाव, गाव, काम, दर. एकेक माणूस समोर येतो, नाव सांगतो, वहीत सही करतो किंवा अंगठा लावतो. बावीस नावांना वीस मिनिटं लागतात. मामाला ती जास्त वाटतात. “मॅडम, माझ्या वहीत सगळे हायेत की.”

“तुमच्या वहीत आहेत मामा. ठेकेदाराच्या डायरीत किती आहेत?”

मामा हसून मिक्सरकडे वळतो.

बाया हातमोजे घालत नाहीत. ओल्या मालाने हात सोलतात, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. तरी मोज्यात घमेलं सटकतं. म्हणून निघण्याआधी खोबरेल तेल चोळतात. एकीने बाटली आणलीय, ती दहाजणींत फिरते. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्यावर चुंबळ.

सकाळी ९:१०
मालकाचे वडील नारळ फोडतात. पुण्याहून मुलगा व्हिडिओ कॉलवर. पेढे वाटले जातात. मिक्सर घरघरतो.

मापाला लाकडी फर्मा आहे. पस्तीस लिटरचा, सिमेंटच्या एका गोणीएवढा. गोणीला दीड फर्मा क्रश वाळू, तीन फर्मे खडी. पाणी तीस लिटर. त्यासाठी पंधरा लिटरच्या दोन बादल्या. आतून लाल रेघ मारलेली. रेघ मॅडमने काल मारली.

एक गोणी म्हणजे एक घाणा. चारेक मिनिटांत फिरतो. लिफ्टचा डबा वर जातो, वर ओततात, तिथून घमेली हातोहात. भरलं घमेलं वीस किलोच्या वर जातं. एका बाईच्या हातून दिवसभरात शेकडो घमेली जातात. मिस्त्री पाट्याने माल सपाट करतो. एक पोरगा व्हायब्रेटरची निडल खुपसतो, दहा मोजतो, काढतो, फूटभर पुढे पुन्हा खुपसतो.

मिक्सरजवळच्या खांबावर पुठ्ठा टांगलाय. प्रत्येक घाण्याला खडूची एक उभी रेघ, पाचवी आडवी. दर दहा घाण्यांनी मॅडम पुठ्ठ्याचा फोटो काढतात.

सकाळी १०:३०
पहिले क्यूब. लोखंडी साचा, सगळ्या बाजूंनी पंधरा सेंटिमीटर. आतून तेल लावलेलं. माल तीन थरांत भरायचा, प्रत्येक थर सळईने ठोकायचा. एका नमुन्याचे तीन क्यूब. आजचा माल पंधरा घनमीटरच्या आत बसतो, म्हणून दोन नमुने. मॅडम साच्यावर मार्करने तारीख, घाण्याचा नंबर आणि स्लॅबचा भाग लिहितात. उद्या साचे उघडायचे, क्यूब पाण्यात ठेवायचे. २८ दिवसांनी प्रयोगशाळेत ते दाबून फोडायचे. एम-२० चा माल असेल तर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद दिसली पाहिजे.

चहा येतो. कागदी कपात, कपाला सात रुपये. मिक्सर चालूच. दोघं-दोघं आळीपाळीने पितात.

सकाळी ११:५०
ऊन चढलंय. वरून मिस्त्रीचा आवाज. “माल पसरू राह्यलाय.”

मॅडम शिडीने वर जातात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माल खिरीसारखा सैल पडलाय. खडी खाली, वर पाणी तरंगतंय. त्या तशाच खाली येतात. मिक्सरजवळचा पोरगा दोन बादल्यांबरोबर एक डबा जास्त ओततोय. चार लिटरचा, तेलाचा रिकामा डबा.

“कधीपासून?”

पोरगा मामाकडे बघतो. मामा पुठ्ठ्याकडे. “तीन घाणे झाले असतील. माल घट्ट येऊ राह्यला होता मॅडम. बाया दमल्या. पाणी जरा जास्त असलं की सरकतो लवकर.”

मामा खोटं बोलत नाही. घट्ट माल ओढताना हात भरून येतात हे खरंच आहे. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, त्याच्या जागी पोकळ्या राहतात, तेवढी ताकद कमी होते, हेही खरंच आहे. सैल माल कष्ट वाचवतो, घट्ट माल घर वाचवतो. हा झगडा दर स्लॅबवर होतो.

डबा बाजूला जातो. निडल धरणाऱ्या पोराच्या जोडीला आणखी एक गडी मिळतो, म्हणजे घट्ट माल बसवायला मदत होईल. मिस्त्री कोपऱ्यातलं तरंगतं पाणी पाट्याने ओढून काढतो. मिक्सरमध्ये उरलेल्या सैल मालाचे तीन क्यूब वेगळे भरले जातात. हे ठरल्यापेक्षा जास्तीचे.

मग मॅडम मोबाइल काढतात. घाणा ४१ ते ४३. पाणी ३४ लिटर. जागा, स्वयंपाकघराचा ईशान्य कोपरा. वेळ ११:५४.

मामा जवळ येतो. आवाज खाली. “हे लिव्हायलाच पायजे का? पुढं दुरुस्त केलंच की आपण.”

“दुरुस्त केलं तेही लिहिलंय.”

“माझं नाव खराब होतं मॅडम.”

“मामा, उद्या तिथे चीर पडली तर बोट कोणाकडे जाईल? सगळ्या स्लॅबकडे. तुमच्या सगळ्या कामाकडे. आत्ता तीनच घाणे लिहिलेत. बाकीचे बरोबर होते, हेही त्यातच लिहिलंय.”

मामा काही बोलत नाही. जाऊन स्वतः बादलीपाशी उभा राहतो. दुपारभर पाणी तोच ओततो.

दुपारी १:३०
सहासष्ट घाणे. मिक्सर थांबत नाही, म्हणून जेवण दोन पंगतींत. थांबलं तर आधीचा माल आवळतो आणि नवा त्याला धरत नाही. बाजरीच्या भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. मालकाच्या घरून मठ्ठा आलाय.

मामाचा राग निवळलेला दिसतो. तो स्वतःच विषय काढतो. “सरकारी कामावर एमबी असायची. मोजमाप पुस्तक. पानांना नंबर. पान फाडायचं नाही. आकडा चुकला तर खोडायचा नाही. आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही. मोठे साहेब येऊन परत मोजायचे.”

“आपणही तेच करतोय मामा. फक्त एमबी एका ऑफिसात असायची. ही पाच जणांकडे असते.”

“कपाटाची चावी कोणाकडं, त्यावर लई काही असायचं,” मामा म्हणतो.

मॅडम मग ब्लॉकचेनबद्दल, म्हणजे लिहिलेलं मागून बदलता न येणाऱ्या नोंदवहीबद्दल बोलतात. ऑफिसात त्यांनीच ही पद्धत आणली. आपल्या राज्यात हे नवं नाही, असं त्या सांगतात. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली भागात ६५,००० जातीचे दाखले अशा नोंदवहीवर चढवले. दाखला खरा की बनावट, हे कोणालाही पडताळता यावं म्हणून. त्याच्या आधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविकांची प्रमाणपत्रं अशीच नोंदवली. जे दाखल्याला चालतं ते घाण्याच्या नोंदीला का चालणार नाही, एवढाच त्यांचा सवाल.

एक बाई ऐकत होती. चाळिशीतली, दहाजणींत सगळ्यात जुनी. तिचा प्रश्न वेगळा. “ताई, यात माझी हजेरी राहती का?”

“राहते.”

“मग नव्वद दिवसाचं होईल का?”

बाकीच्या बाया घास थांबवून बघतात. नव्वद दिवस म्हणजे काय, हे इथे समजावून सांगावं लागत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी व्हायला मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वय अठरा ते साठ. नोंदणी झाली तर मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, अपघातात आधार. त्यासाठी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. पैसा गोळा होतो. बाईकडे दाखला नसतो.

“मागच्या साली पाच ठेकेदारांकडं गेले,” बाई सांगते. “दीडशे दिवस भरले असतील. दाखला एकानंच दिला. बाकीचे म्हणले, तुझं नाव आमच्या वहीत नाही.”

मॅडम तिला खोटी आशा लावत नाहीत. फॉर्मबरोबर अजून सही-शिक्क्याचा दाखला लागतो. मोबाइलमधली नोंद तिथे एकटी चालत नाही. “पण नाव वहीत नाही, असं आपल्या साइटवर कोणाला म्हणता येणार नाही. एवढं पक्कं.”

बाई मान डोलावते. ताटली धुऊन घमेल्याकडे जाते.

दुपारी ३:००
नव्वद घाणे. ठेकेदार येतो. मोटरसायकल, कपाळावर गंध, हातात डायरी. कोपऱ्याची गोष्ट त्याला आधीच कळलीय. तो मामावर चार शब्द ओरडतो, मग मॅडमजवळ येऊन बसतो.

सुरुवातीला ही पद्धत त्याला नको होती. प्रत्येक गोष्टीचा फोटो, म्हणजे आपल्यावर अविश्वास. मग पायाचं काम झालं. आधीच्या एका घरावर त्याचा हप्ता दीड महिना अडकला होता. मालक म्हणायचा सळई कमी घातली, हा म्हणायचा नकाशाप्रमाणे घातली, आणि सळई तर काँक्रीटच्या पोटात गेलेली. दाखवणार काय? व्याजाने पैसे काढून त्याने मजुरी दिली. इथे प्लिंथ बीमचे फोटो, टेप, वजन, सगळं त्याच दिवशी पाचही जणांकडे गेलं होतं. हप्ता तिसऱ्या दिवशी आला.

“अविश्वास एकट्या मालकाला असतो असं नाही,” तो म्हणतो. “पैसे येतील का, हा अविश्वास आमच्याकडं बी असतो.”

दुपारी ४:५०
शेवटचा घाणा. शेवटचा कोपरा जिन्याचा. मिस्त्री पाटा फिरवतो, गुडघ्यांवर मागे-मागे सरकत येतो आणि शिडीवर उतरतो. मिक्सर बंद. धुवायला पाणी सोडतात. दिवसभरानंतर कानाला पहिल्यांदा रस्त्यावरची वाहनं ऐकू येतात.

आता गोण्या. सकाळी खोलीत एकशे वीस होत्या. दोन भरलेल्या उरल्या. पुठ्ठ्यावर एकशे अठरा रेघा. म्हणजे रिकाम्या गोण्या एकशे अठरा हव्यात. वॉचमन दहा-दहाचे ढीग लावतो. एकशे सतरा भरतात.

सिमेंटची गोणी इथे साडेतीनशे रुपयांची. रिकाम्या गोणीची किंमत किरकोळ. पण एक रिकामी गोणी कमी म्हणजे एक भरलेली बाहेर गेली का, हा प्रश्न निघतोच. पुन्हा मोजणी. शोध. एका बाईच्या चुंबळीत घडी करून ठेवलेली सापडते. डोक्याला टोचू नये म्हणून तिने सकाळीच घेतली होती. ती घाबरते. मॅडम गोणी हातात घेतात, ढिगावर ठेवून फोटो काढतात आणि परत तिला देतात. ११८ रेघा, ११८ रिकाम्या, २ भरलेल्या. हिशेब जुळला.

सायंकाळी ५:३०
वाटप. मामा पिकअपच्या फाळक्यावर नोटा मोजतो. सातशे, सातशे, पाचशे. मॅडम शेजारी उभ्या. पैसे हातात पडले की वहीत दुसरी सही किंवा अंगठा. सकाळी आल्याची खूण, संध्याकाळी मिळाल्याची.

प्रत्येकाला बोटभर चिठ्ठी मिळते. तारीख, नाव, काम, रक्कम. खाली रिकामी ओळ. तिथे उद्या सकाळी मॅडम आजच्या नोंदीच्या डिजिटल ठशाची पहिली आठ अक्षरं लिहून देणार. ती तपासली की त्या दिवसाचं पान सापडतं. गडी चिठ्ठ्या खिशात कोंबतात. दुपारची बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशन कार्ड काढते. त्यात आधीच्या चिठ्ठ्या आहेत. आजची त्यांच्यात जाते. तिने बाजूच्या बाईला सांगितलंय, तिचीही पिशवी तयार आहे.

सायंकाळी ६:१०
टोळी निघायची आहे, पण मामा थांबलाय. त्याला बघायचंय.

वॉचमनच्या खाटेवर लॅपटॉप. मॅडम आजचं पान बंद करतात. सकाळचे टेपचे फोटो, सळईची पावती, बावीस जणांची हजेरी, घाण्यांचा तक्ता, ४१ ते ४३ ची ओळ, क्यूबचे नंबर, गोण्यांचा हिशेब, मजुरी. सगळ्यात वर कालच्या पानाचा ठसा. ठसा म्हणजे हॅश. फाइल कितीही मोठी असो, ठरलेल्या गणिती रीतीने तिच्यातून चौसष्ट खुणांची एक ओळ निघते. आकडे आणि काही इंग्रजी अक्षरं. माणसाच्या अंगठ्यासारखी, फक्त त्याच फाइलची.

“आता यात बदल करून दाखवा,” मामा म्हणतो. “चौतीसचं तीस करा.”

मॅडम आधी एक प्रत काढतात. प्रतीत ३४ खोडून ३० लिहितात. एकच आकडा. पुन्हा ठसा काढतात. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवतात. मामा वाकून बघतो. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण सारखं काय आणि वेगळं काय ते दिसतं. पहिल्या खुणेपासूनच वेगळं. ओळखीचं काही उरलेलं नाही.

“आणि उद्याच्या पानावर आजचा ठसा असणार,” मॅडम सांगतात. “आजचं पान कोणी बदललं तर उद्याचं जुळणार नाही. परवाचं नाही. पुढचं एकही नाही.”

“तुम्हीच बदललं तर?”

हा प्रश्न नेमका आहे. मॅडम पान आणि त्याचा ठसा, दोन्ही पाच जणांना पाठवतात. मालक पुण्यात, ठेकेदार, सळईचा व्यापारी, ऑफिस आणि मामा. मामाचा मोबाइल खिशात वाजतो. “आता मी बदललं तरी तुमच्याकडे खरा ठसा आहे. तुम्ही मला धरू शकता.”

पाचही जणांनी संगनमत केलं तर? त्यासाठी तो ठसा बाहेरच्या एका खुल्या साखळीवरही जातो. ओपनटाइमस्टॅम्प्स नावाची मोफत सोय आहे. ती बिटकॉइनच्या नोंदवहीत त्याला तारखेचा शिक्का लावते. नाणं घ्यायचं नाही, विकायचं नाही. शिक्का पक्का व्हायला काही तास लागतात. ही कल्पना बिटकॉइनहूनही जुनी. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये ती मांडली. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याला असा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. पेपर लाखो घरांत गेला, आता परत कोण बदलणार?

मामा बराच वेळ मोबाइलच्या पडद्याकडे बघतो. “म्हणजे माझे एकशे पंधरा घाणे बी बदलता येणार नाहीत.”

“नाहीत.”

“मग ऱ्हाऊ द्या तीन.”

सायंकाळी ६:४५
पुण्याहून मालकाचा फोन. त्याने सगळं पाहिलंय. कोपऱ्याबद्दल विचारतो. मॅडम सरळ सांगतात. तीन घाणे, चार लिटर जास्त, वेगळे क्यूब घेतलेत, सात दिवसांनी अंदाज येईल, २८ दिवसांनी नक्की. तो गप्प राहतो. मग म्हणतो, “लपवलं असतं तर मला कळलंच नसतं.” करारात ठरल्याप्रमाणे स्लॅबच्या ६०,००० च्या हप्त्यातले ४५,००० तो तिथल्या तिथे ठेकेदाराला पाठवतो. उरलेले १५,००० क्यूबचा निकाल आल्यावर. ठेकेदाराच्या मोबाइलवर मेसेज वाजतो. तो आकडा बघतो, डायरीत लिहितो.

या पद्धतीत आजच्या दिवसाला जास्तीचा खर्च किती झाला? तीन जादा क्यूबची तपासणी, थोडा डेटा आणि मॅडमचे दोन तास. ते दोन तास पगारात धरलेले नाहीत.

यंत्र इथे एकच काम करतं. लिहिलेलं कोणाला बदलू देत नाही. ते काम ते चोख करतं. पण सुमारे तीनशे किलोमीटरवरचा माणूस आज ज्यावर भरवसा ठेवून पैसे पाठवतो, ते यंत्राने लिहिलेलं नाही. काट्याला तुकडा कोणीतरी टांगला. शिडीने कोणीतरी वर गेलं. डबा कोणीतरी पाहिला आणि पाहिलेलं लिहिलं. खोटा आकडा टाकला असता तर साखळीने तोही तितक्याच इमानाने जपला असता. म्हणून या कामात सगळ्यात महाग गोष्ट मिक्सरजवळ उभं राहणारं, कोणाचं न ऐकणारं माणूस आहे. अठरा हजारांत ते मिळालंय, हे या घराचं नशीब.

सायंकाळी ७:१५
मॅडम वॉचमनला उद्याचं सांगतात. सकाळी सात वाजता स्लॅबवर गारा लावून आळी करायची, पाणी भरायचं. दहा दिवस ओल हटता कामा नये. टँकर सांगितलाय, पाच हजार लिटरचा, ६०० रुपये. टँकर आला की वेळ लिहायची, फोटो काढायचा. क्यूबचे साचे दहा वाजता उघडायचे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याचे तीन वेगळ्या टबात, नावं पुसू द्यायची नाहीत.

४ मार्चला पहिले क्यूब फुटतील, २५ मार्चला बाकीचे. त्या कोपऱ्याचा आकडा वीसच्या वर आला तर ठेकेदाराचा उरलेला हप्ता सुटेल आणि मामाच्या नावापुढे स्लॅब पास अशी ओळ लागेल. खाली आला तर डिझायनरला बोलावून कोपरा तपासावा लागेल, खर्च होईल, वादही होईल. पण तो वाद मोजलेल्या आकड्यावर होईल, आणि तो आकडा पाचही जणांकडे एकच असेल.